जोर वाढवला की दोष कुठे सरकतो? स्टर्नड्राइव्ह, आगबोटी आणि प्राणहिता

पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रांना एक शब्द फार आवडतो, ‘अपयश’. ‘अमुक योजनेच्या अपयशाची कारणे : एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक झालं की अर्धं काम झालं असं वाटतं. मग कारणांची यादी येते: भौगोलिक, आर्थिक, राजकीय, सामाजिक. प्रत्येकी एक प्रकरण, शेवटी निष्कर्ष. यात चूक काही नाही, पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. नेमकं काय मोडलं, कुठे मोडलं, आणि किती भार पडल्यावर मोडलं?

हा प्रश्न इंजिनिअरांचा वाटतो. आज मला सांगायचंय ते असं की तो इतिहासाचाही आहे. माझा अभ्यास चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांवरच्या वाहतुकीचा. त्यातलं एक मोठं प्रकरण म्हणजे एकोणिसाव्या शतकात गोदावरी-प्राणहितेतून आगबोटी नेण्याची इंग्रजांची योजना. ती १८७१ मध्ये सोडून दिली गेली. ती समजून घेताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती एका अगदी लांबच्या यंत्राची, म्हणजे शर्यतीच्या नावांना बसवतात त्या स्टर्नड्राइव्हची. म्हणून आधी ते यंत्र बघू, मग सिरोंचाला जाऊ.

दोन काटकोनांचं यंत्र

नावेला इंजिन बसवायच्या जुन्या पद्धती दोन. एक, इंजिन नावेच्या पोटात आणि तिथून सरळ दांडा मागे पाण्यात, टोकाला पंखा. दुसरी, सगळं इंजिनच नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, ज्याला आपण आउटबोर्ड म्हणतो. स्टर्नड्राइव्ह ही या दोन्हींमधली वाट आहे. इंजिन आत, मागच्या फळीला टेकून. दांडा त्या फळीतून बाहेर येतो आणि एका पायासारख्या भागात शिरतो. तिथं दातेरी चाकं त्याची फिरकी काटकोनात वळवून खाली नेतात, खाली दुसरी दातेरी चाकं पुन्हा काटकोनात वळवून पंख्याला देतात. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, म्हणून वेगळं सुकाणू लागत नाही. पाण्यात खडक लागला तर तो वर उचलला जातो. इंजिन मोटारीचं असलं तरी चालतं.

जिम विन या अमेरिकन इंजिनिअरच्या कल्पनेवरून व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने १९५९ मध्ये ‘ॲक्वामॅटिक’ नावाने हे यंत्र बाजारात आणलं. दोन वर्षांनी अमेरिकेत ‘मर्क्रूझर’ आलं. सुरुवातीची इंजिनं शंभर अश्वशक्तीच्या आतबाहेरची होती. पुढे लोकांना वेग हवा झाला. इंजिनं तिपटी-चौपटीने मोठी झाली, आणि शर्यतीच्या नावांत तर त्याहूनही कितीतरी पुढे गेली. पाय मात्र त्याच कल्पनेचा राहिला, दोन काटकोन आणि दातेरी चाकांच्या दोन जोड्या.

इथून आपल्याला हवी ती गोष्ट सुरू होते. जोर वाढला तशी वरची दातेरी चाकं तुटू लागली. मग ती जाड केली, चांगल्या पोलादाची केली. आता खालची तुटू लागली. ती मोठी केली तर खालचा भाग फुगला, पाण्याला अडथळा वाढला, वेग कमी झाला. तेलाची उष्णता वाढली म्हणून बाहेरून पाण्याचा फवारा मारला. चाकं टिकली तर इंजिन आणि पाय यांच्यामधला सांधा गेला. सांधा मजबूत केला तर ज्या फळीला सगळं टेकलंय ती फळीच लवू लागली. शेवटी हॉवर्ड आर्नेसन यांच्यासारख्या माणसाने वेगळाच विचार केला आणि दोन्ही काटकोनच काढून टाकले, सरळ दांडा मागे काढून पंखा अर्धा पाण्याबाहेर ठेवला.

एका भागाला बळ दिलं म्हणून यंत्रातली दुर्बलता संपली, असं यात एकदाही झालं नाही. ती फक्त पुढच्या भागात सरकली.

तिसरा घात

हे असं का होतं, याचं थोडं गणित लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

बॉल बेअरिंगचं आयुष्य मोजायचा एक प्रचलित नियम आहे: भार वाढला की आयुष्य त्याच्या तिसऱ्या घाताने घटतं. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्शावर येतं. भार फक्त सव्वापट केला तरी आयुष्य जवळपास निम्मं. म्हणजे कुणी म्हणालं की ‘हा पाय दहा वर्षं टिकला’, तर त्या वाक्याला स्वतःचा काही अर्थ नाही. किती अश्वशक्तीला? किती वजनाच्या नावेला? शांत तळ्यात की लाटांवर? लाटेवरून उडालेल्या नावेचा पंखा क्षणभर हवेत मोकळा फिरतो आणि परत पाण्यात आपटतो. त्या धक्क्यात दातांवर जो ताण येतो तो सरळ चालतानाच्या ताणापेक्षा फार मोठा असतो. तोच पाय, तेच इंजिन, पण चालवणारा हात वेगळा असला की आयुष्य वेगळं.

टिकाऊपणा हा वस्तूचा गुण नसून वस्तू, भार आणि वापर यांच्यातलं नातं आहे, हे यातून घ्यायचं. आणि आणखी एक गोष्ट. जुन्या आउटबोर्ड इंजिनांत पंख्यापाशी एक बारीकशी पिन असायची. पंखा दगडाला लागला की ती मुद्दाम तुटायची. पिन गेली, पण चाकं वाचली. नावाड्याच्या खिशात दोन-चार पिना असायच्याच, काठाला लागून पाच-दहा मिनिटांत नवी घालायची की पुन्हा चालू. ज्याने ही पिन बसवली त्याने ‘काहीच मोडू नये’ असा हट्ट धरला नव्हता. मोडायचंच असेल तर काय मोडावं, हे त्याने ठरवलं होतं. हा विचार मनात ठेवा आणि आता आपल्या नदीवर चला.

सिरोंचा, १८६०

नकाशा डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडून वर्धा येते, पूर्वेकडून वैनगंगा. चपराळ्याजवळ दोघी मिळतात आणि प्राणहिता होते. प्राणहिता सुमारे ११३ किलोमीटर दक्षिणेला वाहून सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. थोडं खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. पुढे गोदावरी पूर्व घाट फोडून राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते. नुसत्या नकाशावर बघितलं तर वाटतं, हिंगणघाटच्या कापसाला समुद्रापर्यंत जायला देवानेच रस्ता आखून ठेवलाय.

सर आर्थर कॉटन यांना नेमकं तेच वाटलं. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम् इथं गोदावरीवर बंधारा बांधून (१८४७ ते १८५२) त्यांनी नाव कमावलं होतं. रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. त्यांच्या हाताखालचे इंजिनिअर एफ. टी. हेग यांनी नदीची पाहणी केली आणि १८५६ मध्ये गोदावरीच्या नौकानयनावर अहवाल दिला. कापूस खाली न्यायचा, किनाऱ्यावरचं मीठ वर आणायचं, अशी कल्पना. तोवर हे मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येत होतं.

राजकारणही जुळून आलं. १८६० मध्ये निजामाशी तह झाला, गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांकडे आले आणि नदीतून जाणाऱ्या मालावर जकात नको असं ठरलं. या तालुक्यांचा ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला एकदम भाव आला. त्याच वर्षी मध्य प्रांत तयार झाला. १८६२ पासून त्याचा कारभार बघणारे रिचर्ड टेम्पल या योजनेचे मोठे पुरस्कर्ते होते.

इथं एक गोष्ट नजरेआड करू नका. दोनच वर्षांपूर्वी, १८५८ मध्ये, याच पट्ट्यात बाबुराव शेडमाके यांचा उठाव झाला होता. प्राणहितेकाठी तारखात्याचं काम करणारे दोन गोरे कर्मचारी त्यात मारले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्यात फाशी दिली गेली. त्यामुळे कागदांत ‘कापूस’ आणि ‘व्यापार’ हे शब्द कितीही येवोत, आगबोट जाईल तिथं सरकारचा हातही पोचेल हा हिशेब बाजूला ठेवून ही योजना वाचता येत नाही, असं माझं वाचन आहे.

आगबोटीचं गणित

अडचण होती खडकांची. समुद्राकडून वर येताना तीन ठिकाणी नदी खडकांच्या पट्ट्यांतून उतरते. पहिला अडथळा दुम्मागुडेमला. दुसरा इंचमपल्लीला, इंद्रावती मिळते त्या भागात. तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, आजच्या अहेरी तालुक्यात. अडथळ्यांच्या मधल्या पट्ट्यांत बोट चालू शकते, अडथळ्यावर नाही.

‘मग जास्त ताकदीची बोट आणा’ असं तुमच्या मनात येईल. तिथंच खरी गोम आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या विशिष्ट बोटीचे नाहीत.

समजा, प्रवाह ताशी चार मैल आहे आणि बोटीचा पाण्यातला वेग ताशी सहा मैल. काठावरून बघणाऱ्याला ती ताशी दोन मैल पुढे सरकताना दिसेल. ही प्रगती चार मैलांवर न्यायची तर बोटीला पाण्यात आठ मैलांचा वेग हवा. आता, अशा बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. इथंही तिसरा घातच! सहावरून आठवर जायला शक्ती जवळजवळ २.४ पट हवी. म्हणजे मोठं इंजिन, मोठा बॉयलर, जास्त जळण. त्या काळची वाफेची यंत्रं वजनाला भारी. तीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, चौकोनी तळाची बोट धरली तर तिच्यावर अठरा टन वजन वाढलं की ती दहा सेंटिमीटर खाली बसते. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही, पण उन्हाळ्यात प्राणहितेच्या खडकांमधून माणसं चालत जातात, तिथं तेवढ्यावरच बोट जाते की अडकते हे ठरतं.

नदीचा स्वभावही उलटा. पावसाळ्यात पाणी भरपूर, खडक बुडालेले, पण प्रवाह जोराचा, तेव्हा ताकद हवी. पाणी ओसरलं की प्रवाह नरम, पण खडक वर, तेव्हा हलकेपणा हवा. एकाच बोटीत दोन्ही मिळत नाहीत. ताकद वाढवली की हलकेपणा जातो आणि वर्षातले चालण्याचे दिवस कमी होतात. हलकं ठेवलं तर पुरात ती प्रवाहासमोर टिकत नाही. सिंधू नदीवर त्याच सुमारास हलक्या आगबोटींमागे पडाव जोडून ‘पाण्यावरची आगगाडी’ चालवायचा जॉन बोर्न यांचा प्रयोग प्रवाहापुढे असाच फसला. डॅनियल हेड्रिक यांनी ‘द टूल्स ऑफ एम्पायर’ (१९८१) या पुस्तकात त्या बोटींचा इतिहास दिलाय, तो जरूर वाचा.

दोष सरकत गेला

यंत्राने प्रश्न सुटत नाही म्हटल्यावर तो नदीवर ढकलला गेला. म्हणजे बोट बदलता येत नसेल तर नदी बदला. अडथळ्यांच्या ठिकाणी बंधारे, बाजूने कालवे, बोटी चढवायला-उतरवायला लॉक, आणि मधल्या पट्ट्यांत खडक फोडून वाट. दुम्मागुडेमचं काम बरंच पुढे गेलं. तिथला बंधारा आजही उभा आहे.

पण दगडी काम टिकाऊ करायचं तर ते कुणीतरी उभं करायला हवं. या जंगलात तेवढी मजुरी मिळत नव्हती. माणसं लांबून आणावी लागत. काम करायला सोयीचे महिने म्हणजे पाणी ओसरल्यानंतरचे, आणि तेच हिवतापाचे. ताप आला की माणसं जात, उरलेली पळून जात, वर्षाचं काम अर्धवट राही आणि पुढचा पूर त्या अर्धवट कामावरून वाहून जाई. आता दोष दगडातही राहिला नव्हता, तो माणसांच्या शरीरात गेला होता. आणि शरीराला ‘अपग्रेड’ करायचा उपाय तेव्हा कुणाकडे नव्हता. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी दाखवायला १८९७ साल उजाडावं लागलं.

माणसं मिळत नाहीत म्हणून वेळ गेला, वेळ गेला म्हणून पैसा गेला. इतक्यात दुसरीकडून रेल्वे आली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. अमेरिकेतलं युद्ध १८६५ लाच संपलं होतं आणि कापसाचे भाव उतरले होते. पुढे वर्धा-हिंगणघाट-वरोरा ही शाखाही झाली. ज्या कापसासाठी नदी दुरुस्त करायची होती, तो कापूस दारातून रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये सरकारने गोदावरीचं काम थांबवायचा हुकूम काढला. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हाही मोडला. भद्राचलम् आणि रेकापल्ली मद्रासकडे गेले, सिरोंचा चांदा जिल्ह्यात आलं. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला आणि सिरोंचा त्याचं दक्षिण टोक ठरलं.

आता सांगा, ‘योजना का फसली’ याचं उत्तर काय लिहाल? खडकांमुळे? तापामुळे? पैशामुळे? रेल्वेमुळे? चारही बरोबर आहेत, पण चार कारणांची यादी केली तर त्यांच्यामधली साखळी निसटते. बोटीची ताकद वाढवता आली नाही म्हणून भार दगडावर गेला, दगडावरून मजुरावर, मजुरावरून वेळेवर, आणि वेळेवरून तिजोरीवर. प्रत्येक टप्प्याला कुणीतरी एक भाग मजबूत केला आणि पुढचा भाग मोडला. या साखळीत स्वस्तात तुटून बाकीचं वाचवणारी ‘पिन’ कुठेच नव्हती. तीन अडथळ्यांपैकी एक जरी राहिला तरी वरपर्यंतची अखंड वाट होत नाही. ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी ती रचना होती.

डोंगा टिकला, पण त्याचं कौतुक जपून

याच नद्यांवर त्या आधीपासून दोन गोष्टी चालत होत्या आणि नंतरही चालत राहिल्या. एक, अहेरीच्या जंगलातलं सागवान. लाकडं एकत्र बांधून पुराच्या पाण्यावर खाली सोडायची. इथं इंजिन नाहीच, प्रवाह हेच इंजिन, आणि मालच नाव. दुसरी गोष्ट डोंगा. झाडाचं खोड कोरून केलेला, बांबूने रेटायचा, बहुतेक ठिकाणी ढीवर बांधवांच्या हातातला. बांबू मोडला तर काठावर दुसरा. खडकावर आपटला तर फार वेग नव्हताच. दुरुस्ती करणारा आणि चालवणारा माणूस एकच. मोडण्याची जागा स्वस्त आणि दुरुस्ती जवळ, म्हणून तो टिकला.

पण थांबा. इथं बरेच अभ्यासक घसरतात. ‘पारंपरिक ज्ञान टिकाऊ, आधुनिक यंत्र ठिसूळ’ असं गोड वाक्य लिहून मोकळे होतात. डोंगा टिकला तो माणसं आणि थोडा माल पैलतीरी न्यायच्या कामाला. शेकडो टन कापूस नेण्याच्या कामाला त्याला कुणी लावलंच नाही. शिवाय त्याचा ‘टिकाऊपणा’ ज्यांच्या जिवावर आहे ती माणसं कोण, हेही बघा. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडणीला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यातल्या काही जणी बुडाल्या. तिथंही भार सरकलाच होता. पूल नाही, लांबच्या रस्त्याने जायला पैसा नाही, मजुरीचा दिवस बुडवणं परवडत नाही, आणि हे सगळं येऊन पडलं एका लहान नावेच्या काठावर. व्यवस्थेने जो भार उचलला नाही तो त्या बायांनी उचलला.

आजही हा प्रश्न जुना झालेला नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि इंजिनाच्या बोटी लागतात. त्या बोटींची अश्वशक्ती बातमीत येते. पंखा दगडाला लागला तर सुटा भाग कुठून येणार, तो कोण बसवणार, हे येत नाही. सिरोंचाच्या पलीकडे तेलंगणाने बांधलेला मेडिगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. इकडच्या काठावरचे शेतकरी त्याआधीपासून बॅकवॉटरने जमीन जात असल्याची तक्रार करत होते. दीडशे वर्षांनी, त्याच पट्ट्यात, तोच प्रश्न पुन्हा: बांधकाम किती मजबूत हे विचारताना त्याचा भार कुणाच्या शेतावर उतरतोय?

सिनॉप्सिस लिहिताना

तुमचा विषय नदी नसेल. गिरणी असेल, पतसंस्था असेल, आश्रमशाळा असेल. तरी पुढच्या गोष्टी करून बघा.

उद्घाटनाचे कागद कमी वाचा, दुरुस्तीचे जास्त. मंजुरीच्या अहवालात प्रत्येक योजना टिकाऊच असते. वार्षिक अहवालातल्या ‘यंदा काम पुढे सरकले नाही’ अशा ओळींवर पेन्सिलीने खूण करा आणि त्या वर्षावार एकाखाली एक लिहा. दोष कसा सरकत गेला ते त्या यादीतच दिसेल. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या दिवसापासून न मोजता वापर आणि देखभालीच्या अंगाने कसा लिहायचा, यासाठी डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ वाचा.

‘टिकलं’ किंवा ‘फसलं’ असं क्रियापद लिहिलं की लगेच स्वतःला विचारा: किती भाराला, किती काळ, कुणाच्या हातात? उत्तर कागदात सापडत नसेल तर ते क्रियापद खोडा.

एकाच घटनेचे दोन प्रकारचे कागद समोरासमोर ठेवा. चांद्यासाठी ल्यूसी-स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल आणि चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेलं १८७० चं मध्य प्रांताचं गॅझेटिअर हाताशी ठेवा. हेग आणि टेम्पल योजनेच्या बाजूने लिहितात, जमाबंदी अधिकारी गाव आणि महसूल बघून लिहितो. एकाला नदी रस्ता दिसते, दुसऱ्याला हद्द आणि घाट. आणि जुन्या इंग्रजी कागदांत गावांची नावं भलत्याच स्पेलिंगांनी येतात. देवलमरी, इंचमपल्ली शोधताना उच्चार मोठ्याने म्हणून बघा, मग शोधा. सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आहे. ग्लासफर्ड हे त्या काळचे तिथले डेप्युटी कमिशनर. कागदातला साहेब गावाच्या नावात कसा मुरतो ते बघा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. या कागदांत दगडाचे घनफूट आहेत, रुपये आहेत, बोटींची खोली इंचांत आहे. तापाने गेलेल्या मजुरांची नावं नाहीत. ज्या भागावर शेवटी भार आला, नेमकी त्याचीच नोंद सगळ्यात कमी. स्टर्नड्राइव्हचा तुटलेला दात उघडून, हातात घेऊन बघता येतो, त्याच्या भेगेवरून धक्का कुठून आला ते सांगता येतं. माणसांच्या बाबतीत तो दात शोधणं हे आपलं काम आहे. मजूर कुठून आणले, हंगामात किती टिकले, किती महिन्यांनी नवी भरती करावी लागली, रेशन किती वाढवलं, अशा कोरड्या आकड्यांतूनच ती माणसं दिसायला लागतात.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘अपयशाची कारणे’ हे प्रकरण आज उघडा. कारणांच्या यादीशेजारी एक रकाना आखा आणि प्रत्येक कारणासमोर लिहा: हा भार याच्यावर कुठून आला, आणि इथून पुढे कुणावर गेला? ज्या ओळीसमोर रकाना रिकामा राहील, तिथून तुमचं पुढचं संशोधन सुरू होतं.